आभाळाची चतुःसीमा

ओझरपासून काही कोसांवर ताईचा द्राक्षांचा मळा आहे. जानेवारीतली सकाळ, मांडवाखाली घड पाणी भरत आलेले, पानांवर दव. काढणी सुरू होण्याआधी मळ्याचं एकदा वरून चित्र घ्यायचं म्हणून भाच्यानं बॅगेतून ड्रोन काढला. हाताच्या पंजाएवढी घडी. तिचे हात उलगडण्याआधी त्यानं खिशातून फोन काढला आणि बराच वेळ त्यात डोकं घालून उभा राहिला. मी वर पाहिलं. एक घार सोडली तर निळ्या आभाळात काही नव्हतं.

"एवढं काय बघतोस? आभाळ तर सगळं मोकळं आहे."

"मोकळं नाही मामा. इथं साठ मीटरवर छत आहे."

त्यानं फोन माझ्याकडे वळवला. नाशिक जिल्ह्याचा नकाशा होता. ओळखीची गावं, ओळखीची नदी, आणि त्यावर ओझरच्या विमानतळाभोवती एकात एक बसलेले रंगीत पट्टे. आमचा मळा बाहेरच्या पट्ट्यात होता. तिथं जमिनीपासून साठ मीटरपर्यंतचं आभाळ हिरवं आणि त्याच्या वरचं पिवळं. मी पुन्हा वर पाहिलं. ज्या आभाळाखाली मी लहानाचा मोठा झालो, त्याला मजले आहेत हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

जमिनीचं आपल्याला ठाऊक असतं. सातबारा असतो, गट नंबर असतो, खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस ओढा. आभाळाची चतुःसीमा मात्र कुठल्या चावडीवर पाहायला मिळत नाही. ती फोनमध्ये आहे, आणि ड्रोन उडवण्याआधी ती पाहणं हा भारतात कायदा आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी देशाचे ड्रोन नियम आले आणि २४ सप्टेंबरला नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं 'डिजिटल स्काय' या व्यासपीठावर अख्ख्या देशाच्या हवाई हद्दीचा नकाशा खुला केला. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. पिवळं म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रकाला विचारून. हिरवं म्हणजे ४०० फूट, १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगी मागावी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हे हिरवं २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर संपतं. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात पिवळं थेट जमिनीपासूनच सुरू होतं. ड्रोनची नोंदणी, त्याचा क्रमांक हे वेगळं. पण तो क्रमांक असला तरी प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा पाहणं चालकावर बंधनकारक आहे.

मला प्रश्न पडला तो आकड्यांचा. साठच का?

उतरणारं प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. तीन अंश म्हणजे फारच थोडं, घाटातल्या गाडीरस्त्यापेक्षाही सौम्य. त्या उतारावर धावपट्टीपासूनच्या दर किलोमीटरमागे विमान सुमारे ५२ मीटर उंच असतं. म्हणजे ५ किलोमीटरवर सुमारे २६० मीटर, ८ वर ४२०, १२ वर ६३०. मळ्यातल्या मातीत काडीनं हा त्रिकोण काढला तेव्हा मी चक्रावलो. विमान ६३० मीटरवर आणि आमचं छत ६० वर! मधले साडेपाचशे मीटर कुणासाठी?

ते चुकांसाठी आहेत. प्रत्येक विमान त्या आखीव उतारावरूनच येत नाही. हेलिकॉप्टर खालून येतं. शिकाऊ वैमानिक विमानतळाभोवती खालच्या उंचीवर चकरा मारतो. इंजिनानं दगा दिला तर विमान मिळेल त्या वाटेनं खाली येतं. शिवाय ओझर हे साधं विमानतळ नव्हे. मिग-२१ बांधण्यासाठी १९६४ साली तिथं हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढं तिथंच सुखोई-३० बनली. कारखान्यातून नव्यानं बाहेर पडलेलं लढाऊ विमान पहिल्यांदा आभाळात जातं ते तपासणीसाठी, आणि अशा वेळी त्याच्या वैमानिकाला सगळं आभाळ लागू शकतं.

दोन शेतांच्या मधला बांध कुणी नांगरत नाही. त्यावर पीक येत नाही, तरी ती जागा वाया गेली असं शेतकरी म्हणत नाही. आभाळातही असाच बांध ठेवलेला आहे. जगभरच्या नियमांनुसार विमानांनी, उतरणं आणि उडणं सोडलं तर, मोकळ्या प्रदेशावरही ५०० फुटांच्या खाली येऊ नये. ड्रोननं परवानगीशिवाय ४०० च्या वर जाऊ नये. मधले शंभर फूट कुणाचेच नाहीत. कुणाचा हात थोडा हलला, कुणाचं यंत्र थोडं चुकलं, तरी दोघांची गाठ पडू नये म्हणून ते मोकळे ठेवलेले आहेत.

आता या फोनला कसं कळतं की आम्ही कुठल्या पट्ट्यात उभे आहोत? मला सगळ्यात जास्त भुरळ पडली ती याचीच.

आधी फोनला स्वतःचा पत्ता शोधावा लागतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतात: माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत आणि मी इथं आहे. फोन ते ऐकतो आणि निरोप पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळ जराही चुकून चालत नाही. इतकं की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद हिशेबात धरावा लागतो. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं धावतं. तेवढी दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठेल आणि आमचा द्राक्षमळा नकाशावर थेट धावपट्टीवर जाऊन पडेल. चार उपग्रहांचे निरोप जुळले की फोनला स्वतःची जागा काही मीटरच्या फरकानं कळते.

जागा कळली. पण ती आत आहे की बाहेर? लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या कडा काही सरळसोट वर्तुळाच्या नसतात. अंतर धावपट्टीच्या मधल्या बिंदूपासून मोजत नाहीत, विमानतळाच्या कुंपणापासून मोजतात, आणि कुंपण गावकुसासारखं वाकडंतिकडं असतं. त्यात पृथ्वी गोल. नाशिकच्या अक्षांशावर एक अंश उत्तरेकडे गेलात तर १११ किलोमीटर होतात, पूर्वेकडे गेलात तर १०५ सुद्धा भरत नाहीत. नकाशावर अंश मोजून काढलेलं वर्तुळ जमिनीवर लंबगोल होऊन बसतं, म्हणून तो हिशेबही करावा लागतो. अशा हजारो कोपऱ्यांच्या कुंपणात एखादा ठिपका आत आहे की बाहेर, हे आपण डोळ्यांनी सांगू. फोनला डोळे नाहीत.

कागद आणि पेन्सिल घ्या. मनाला येईल तशी एक बंद वेडीवाकडी आकृती काढा, घडीवर घडी घातलेल्या आतड्यासारखी. रेघ स्वतःलाच छेदणार नाही एवढं पाहा. आता कुठंही एक ठिपका द्या आणि त्यापासून एका दिशेला कागदाच्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढा. ती रेघ कुंपणाला किती वेळा ओलांडते ते मोजा. एक, तीन, पाच अशी विषम संख्या आली तर ठिपका आत. सम आली किंवा एकदाही ओलांडलं नाही, तर बाहेर. आकृती कितीही अवघड काढा, हे चुकत नाही.

का चुकत नाही, ते समजायला उंबरठ्याचा विचार करावा. उंबरठा ओलांडला की माणूस आतून बाहेर येतो किंवा बाहेरून आत जातो, तिसरं काही होत नाही. कागदाच्या कडेला पोचलेली रेघ नक्कीच बाहेर असते. मग ती विषम वेळा उंबरठे ओलांडून बाहेर पोचली असेल, तर निघाली तेव्हा ती आतच असली पाहिजे. इतकं साधं! आणि तरी, बंद रेघ कागदाचे नेमके दोनच भाग करते, एक आत आणि एक बाहेर, हे उघड वाटणारं विधान सिद्ध करणं गणितज्ञांना फार जड गेलं. कामीय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञानं ते १८८७ मध्ये मांडलं आणि त्याचंच नाव त्या प्रमेयाला मिळालं. आज आपल्या खिशातला फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो कुंपणांसाठी हीच रेघ ओढतो आणि ओलांडणं मोजतो. भाच्याच्या बोटाखाली आमचा मळा हिरवा दिसला, त्यामागे हे होतं. त्याला ते सांगितलं तर तो म्हणाला, "एवढंच?" मला मात्र त्या 'एवढंच'मध्येच सगळं सौंदर्य दिसतं.

उंचीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि सह्याद्रीत राहणाऱ्या आपल्याला ती नीट समजून घ्यायलाच हवी. ड्रोनच्या पोटात हवेचा दाब मोजणारी एक कणभर चकती असते. समुद्रसपाटीजवळ आठ-साडेआठ मीटर वर गेलं की हवेचा दाब एक हेक्टापास्कलनं घटतो. चकती ती घट मोजते आणि ड्रोन उंची सांगतो. पण कुठून उंची? जिथून तो उडाला तिथून. कायदा मात्र उंची मोजतो पायाखालच्या जमिनीपासून. सपाट मळ्यात दोन्ही एकच. आता कोकणकड्याच्या टोकावर उभं राहिल्याची कल्पना करा. ड्रोन हातातून पन्नास मीटर वर गेला आणि मग चार हात पुढं, कड्याच्या पलीकडे सरकला. पडद्यावर अजून ५० मीटरच दिसतंय. खाली मात्र जमीन शेकडो मीटर कोसळलेली आहे, आणि आपला हिरव्यातला ड्रोन, काहीही न करता, १२० मीटरच्या छताच्या कितीतरी वर जाऊन बसलाय. यंत्र खोटं बोललेलं नाही. त्याला फक्त आपली पायरी ठाऊक आहे, दरी ठाऊक नाही. ती आपणच ध्यानात धरायची.

आणि कोकणकड्याचं नाव घेतलं म्हणून आणखी एक. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन काढायचा नाही. रायगडासारख्या केंद्रीय संरक्षित गडावर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नकाशा हिरवा असला तरीही. कारण तो नकाशा विमानांच्या वाटांबद्दल बोलतो. खालच्या तटबंदीबद्दल, कड्याच्या कपारीत अंडी उबवणाऱ्या गिधाडाबद्दल तो काही सांगत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हिरवा रंग पाहिला की माणसाचा हात आपोआप बटणाकडे जातो.

पण आभाळ कुणाचं हा वाद ड्रोनच्या फार आधीचा आहे. माणूस पहिल्यांदा फुग्यातून उडाला तो पॅरिसमध्ये, २१ नोव्हेंबर १७८३ रोजी. अर्धं वर्षही लोटलं नव्हतं, तोच १७८४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या पोलिसांनी परवानगीशिवाय फुगे सोडायला बंदी घातली. उडणं आणि परवाना यांचं नातं इतकं जुनं आहे.

त्याहून जुना रोमन कायद्याच्या परंपरेतला एक समज होता: जमीन ज्याची, त्याचंच वरचं आभाळ, अगदी स्वर्गापर्यंत. विमानं आल्यावर हा समज कोर्टात पोचला, तो एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यामुळे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोजवळ थॉमस ली कॉझबी यांची शेती होती. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमानं उतरू लागली. ती त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात, घराच्या छपरावरून ६७ फुटांवरून. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या. दीडशेच्या आसपास कोंबड्या अशा गेल्या आणि धंदा बंद पडला. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. स्वर्गापर्यंतची मालकी विमानांच्या युगात चालणार नाही, ते वरचं आभाळ सगळ्यांच्या रहदारीचं आहे. पण जमीन वापरायची तर तिच्या लगतची हवाही मालकाच्या हातात असली पाहिजे, म्हणून कॉझबींना भरपाई मिळावी. दोन वर्षं आधी, १९४४ मध्ये, शिकागोत जमलेल्या राष्ट्रांनीही मान्य केलं होतं की आपापल्या भूमीवरच्या आभाळावर त्या त्या राष्ट्राची सत्ता राहील. ताईच्या मळ्यावरचं छत त्या करारापासून सुरू होतं.

हे छत सांभाळणारे हातही एकाच खात्याचे नाहीत, आणि ते पाहायला महाराष्ट्र-गोव्याबाहेर जावं लागत नाही. मुंबईच्या आभाळातली नियंत्रणकक्षाची जबाबदारी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. गोव्याचं दाबोळी नौदलाचं. आणि आमचं ओझर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. पिवळ्या पट्ट्यात उडवायचं तर कुणाचं दार वाजवायचं हे गावागणिक बदलतं.

नकाशाही बदलतो. गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झालं, नवी मुंबईच्या विमानतळाचं २०२५ च्या ऑक्टोबरात. नवं विमानतळ चालू झालं की त्याच्या भोवतालच्या गावांचं आभाळही बदलतं. हे बदल मोठे, सावकाश होणारे. लहान बदल रातोरात होतात. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. कुणा मोठ्या व्यक्तीचा दौरा असेल, मिरवणूक असेल. शिवाय मुंबईसारख्या शहरात पोलीस वेगळे मनाई आदेशही काढतात आणि त्यात ड्रोनचं नाव असतं. म्हणून भाचा फोन पाहून झाल्यावर ओळखीच्या पोलीस पाटलांनाही एकदा विचारतो. कालचा हिरवा आज चालत नाही.

तात्पुरत्या बंदीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसनं पाहिलं. पॅलिसेड्सच्या डोंगरांत वणवा पेटलेला. विमानं समुद्रातून पाणी उचलून आगीवर ओतत होती, आणि त्यासाठी त्या भागात ड्रोनला बंदी होती. जळालेला भाग पाहायला म्हणून एकानं वाहनतळाच्या इमारतीवरून छोटा ड्रोन उडवला. तो अडीच किलोमीटर दूर गेला, नजरेआड झाला आणि कॅनडातून मदतीला आलेल्या पाणीवाहू विमानाच्या पंखाला जाऊन धडकला. पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण आग धुमसत असताना ते काही दिवस जमिनीवरच राहिलं. घरं जळत असताना एक विमान कमी. त्याच जानेवारीत डीजेआय या सगळ्यात मोठ्या ड्रोन कंपनीनं अमेरिकेत आपल्या ड्रोनमधलं आपोआप अडवणारं कुंपण काढून टाकलं. आता तिथं ड्रोन इशारा देतो, अडवत नाही. पुढं जायचं की नाही हे उडवणारा माणूस ठरवतो. मला हा बदल विचारात पाडतो. यंत्रानं अडवलं तर आपण थांबतोच. यंत्रानं फक्त सांगितलं, तर थांबायला आपल्याला ती विमानं दिसावी लागतात, जी आभाळात आत्ता नाहीत.

मळ्यात भाच्यानं छत ५५ मीटरवर बांधून घेतलं, पाच मीटर हातचे राखून. ड्रोन गुणगुणत वर गेला. पडद्यावर मांडवाच्या ओळी एकेक करत उलगडल्या, जणू कुणी हिरव्या कापडावर धावदोरा घातलाय. मधेच एक पिवळसर ठिगळ दिसलं, तिथल्या वेलींना काहीतरी झालंय हे ताईला लगेच कळलं. तेवढ्यात ओझरच्या बाजूनं घुमू लागलं, आधी छातीत, मग कानात. भाच्यानं काही न बोलता दोन्ही अंगठे खाली ओढले आणि ड्रोन मांडवालगत आणला. माणूस बसलेल्या विमानाला आधी वाट द्यायची, असा नियम आहे, पण त्याला त्या क्षणी नियम आठवला असेल असं वाटत नाही. विमान आमच्यापासून बरंच लांबून, बरंच उंचावरून गेलं. आम्ही तिघंही हात डोळ्यांवर धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिलो.

मग कादवेकाठच्या खालच्या तुकड्यावर जायचं ठरलं. तो विमानतळाच्या बाजूला, दोनेक किलोमीटर अलीकडे. गाडीतून उतरल्यावर भाच्यानं ड्रोनची घडी उघडली नाही. आधी फोन काढला, आणि नकाशा उघडेपर्यंत नदीकडे पाहत उभा राहिला.